तिसऱ्या टपाचं पाणी

बाय रोज सकाळी भाजी धुवायचं पाणी प्यायची.

हे मी कोणाला सांगितलं की आधी हसू येतं. पण ती खरंच प्यायची. शेडमध्ये तीन मोठे टप होते. पहिल्या टपात भाजीचा चिखल जायचा, दुसऱ्यात उरलेली माती आणि किडे, आणि तिसऱ्यात नुसतं शेवटचं खळबळून काढायचं. तिसरा टप भरला की बाय कमरेला सुतळीनं बांधलेला स्टीलचा पेला सोडायची, टपात बुडवायची आणि सगळ्यांसमोर उभ्या उभ्या प्यायची. मग पेला झटकून म्हणायची, "चालू करा." ती प्यायल्याशिवाय एकही जुडी त्या पाण्यात जायची नाही. दिवसात चार वेळा पाणी बदललं तर चार वेळा प्यायची. तहान असो नसो.

"जे मना पिववत नाय, ते मी लोकांना खायला घालू?" एवढंच तिचं म्हणणं.

आम्ही पाचजणी तिच्याकडे कामाला होतो आणि सगळ्याच तिला बाय म्हणायचो. ती ठाण्याकडच्या बाळकुमची, ख्रिश्चन, जुन्या शेतकऱ्यांच्या घरातली. तिच्या बापाची भाजीची वाडी होती तिथं आता उंच इमारती आहेत. जमीन गेल्यावर भावांनी फ्लॅट घेतले आणि हिनं कल्याणच्या खाडीपलीकडे जमिनीचा एक लहान तुकडा घेतला. लग्न केलेलं नव्हतं. सगळी उमर ठाण्याच्या एका दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीत आया म्हणून काढलेली. निवृत्त झाल्यावर लोक देवाला जातात, ही माती उकरायला आली. अंगात फुलाफुलांचा गाऊन, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, आणि डोक्याला जुन्या लुगड्याच्या कापडाची स्वतः शिवलेली टोपी, ऑपरेशनच्या खोलीत घालतात तशी. आम्हालाही तशाच टोप्या शिवून दिलेल्या. आमच्यातली सुगंधा म्हणायची, "आपण भाजी धुतो का भाजीचं पोट फाडतो?"

बायकडे येण्याआधी मी दुसऱ्या एका मळ्यात जायचे. तिथं पालक कापला की तसाच ओहोळात बुचकळायचा. पाणी काळं असायचं, पण वाहतं होतं, आणि वाहतं पाणी चांगलं असं आम्ही धरून चालायचो. माझ्या बोटांच्या बेचक्यांत कायम खाज. पहिल्या दिवशी बायनं माझे हात उलटेसुलटे करून बघितले आणि विचारलं, "कुठं होतीस कामाला?" मी सांगितलं. ती आत गेली. आतून मलमाची डबी आणून माझ्या हातावर ठेवली.

"हे बरं होईपर्यंत भाजीला हात लावायचा नाय. बसून बघ नुसती. रोज मिळेल. किती शिकलीस?"

"चौथी."

"बोलतेस तरी का?"

मी मान हलवली. तिला ती हो वाटली का नाही कोण जाणे. त्या दिवसापासून तिनं मला कधी नावानं हाक मारली नाही. "ए चवथी" म्हणायची. आठ दिवस मी तिथं बसून फुकटचा रोज घेतला. मला त्याची इतकी लाज वाटायची की मी कोपऱ्यात अंग चोरून बसून असायचे. पण त्या आठ दिवसांत तिची कामाची पद्धत मला जितकी कळली तितकी पुढं काम करून कळली नसती.

शेडच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, जमिनीवर चुन्याची एक रेघ होती. रेघेच्या अलीकडे चिखल, पलीकडे स्वच्छ. शेतातून आलेली भाजी अलीकडे यायची. इथं मुळ्या छाटायच्या, सडकी पानं काढायची, पहिल्या टपात चिखल सोडवायचा. मग जाळीच्या ट्रेमधून भाजी रेघेवरून पलीकडे सरकवायची. पलीकडे दुसरा टप, तिसरा टप, निथळायला जाळीच्या खाटा, केळीच्या सोपटानं जुड्या बांधायचं टेबल आणि मागचं दार. दाराबाहेर टेम्पो. भाजी रेघ ओलांडायची, माणूस नाही. अलीकडच्या बाईला पलीकडे जायचंच असेल तर नळाखाली पाय घासायचे, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, टोपी बदलायची आणि पलीकडच्या चपला घालून मगच पाऊल टाकायचं. रेघ पुसट झाली की दर सोमवारी बाय स्वतः गुडघ्यावर बसून ती परत मारायची.

"ऑपरेशनच्या खोलीत अशीच लाल रेघ व्हती," ती सांगायची. "मोठे मोठे डॉक्टर तिथं थांबायचे. मी आया, पण मी त्यांना थांबवायची."

आणि खरंच ती कोणालाही थांबवायची. एकदा शेतीखात्याचे एक साहेब फोटो काढायला आले, त्यांना बूट हातात धरून अलीकडे उभं केलं. नव्या पिकाला आशीर्वाद द्यायला चर्चचे फादर यायचे, त्यांनाही सोडलं नाही. फादर नळाखाली पाय घासता घासता म्हणाले, "बाय, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी मी लोकांचे पाय धुतो. स्वतःचे धुवायला तूच लावलेस." बाय म्हणाली, "टाच राहिली, फादर."

तिच्याकडे भाजी जमिनीला टेकत नसे. एकदा उपटली, कापली, की पाटीत, पाटीतून टेबलावर, टेबलावरून टपात. चुकून एखादा मुळा खाली पडलाच तर तो विकायचा नाही, तो बायचा. दाराजवळ तिची एक वेगळी टोपली होती, पडलेल्या भाजीची. ती स्वतः फक्त त्या टोपलीतलं खायची. कोणाच्या हातून जास्त पडलं तर रागवायची नाही, म्हणायची, "आज मना मेजवानी." आम्ही जपून काम करायला लागलो तशी तिची टोपली रिकामी राहायला लागली. मग सुगंधा मुद्दाम एखादी भेंडी पाडायची. म्हातारीनं उपाशी राहू नये म्हणून.

वेळ मोजायची तिची रीत आणखी वेगळी. दुसऱ्या टपात पालेभाजी किती वेळ हलवायची, तर मेरीमातेची एक प्रार्थना पूर्ण होईपर्यंत. ती आम्हाला म्हणाली, "तुमचा देव घ्या, पण वेळ तेवढाच लागला पायजे." कमलताई, आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या, रामाचं नाव घ्यायच्या. पण इतक्या घाईनं की बाय विचारायची, "कमल, तुझ्या रामाला गाडी पकडायची हाय काय?" मला देवाचं नाव मोठ्यानं घ्यायला लाज वाटायची. शाळा सुटली तेव्हा माझे पाढे बारापर्यंत पाठ झालेले. मी मनातल्या मनात बाराचा पाढा म्हणायचे. बायनं एकदा माझ्या ओठांकडे बघितलं, स्वतःची प्रार्थना सोबत म्हणून बघितली, आणि म्हणाली, "बरोबर बसतोय. बाराचाच म्हण. दहाचा म्हणू नको, तो पळतो."

चिंचोक्यांचं सांगायचं राहिलं. सुरुवातीला तिनं प्रत्येकीला एकेक डबा दिला. ढिगापासून टपापर्यंत एक खेप झाली की डब्यात एक चिंचोका टाकायचा. संध्याकाळी सगळे चिंचोके टेबलावर ओतून ती बघत बसायची, जसं काही त्यांत आमचे पायच दिसत होते. दुसऱ्या दिवशी टेबल चार हात सरकलेलं असायचं. आठवड्यानं पहिला टप दाराजवळ आला. मग टेबलांचे पाय विटा लावून उंच केले, आमच्या बेंबीच्या उंचीला. आधी दिवसभर उकिडवं बसून काम असायचं आणि संध्याकाळी उठताना गुडघे धरायला लागायचे. नंतर नंतर डब्यांत मूठभरच चिंचोके पडायला लागले आणि दुपारच्या आत काम उरकायला लागलं. उरलेल्या वेळाचा रोज कापला नाही तिनं. "कमी चाललात म्हणून कमी का देऊ?" म्हणाली.

तिचा माल बाजारात जात नसे. टेम्पो थेट बाळकुम आणि माजिवड्याच्या सोसायट्यांमध्ये जायचा. तिथल्या एक काकू सगळ्यांची मागणी लिहून फोनवर पाठवायच्या. भाद्रपदात ऋषिपंचमीची मागणी सगळ्यात मोठी. त्या दिवशीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं चालत नाही, म्हणून काकू दरवर्षी फोन करून विचारायच्या, "बाय, नांगरटीचं नाही ना गं?" बाय सांगायची, "माझ्याकडं बैलच नाय, काकू. मीच बैल." ती ख्रिश्चन, पण अळू, लाल माठाचे देठ, अंबाडी, पडवळ, शिराळी सगळं घराघराच्या मापानं जुळवून द्यायची. कोणाच्या उपासाला आपल्या हातून कमी पडू नये याची तिला काळजी असायची.

जे झालं ते त्याच दिवशी झालं.

आदल्या संध्याकाळपासून वीज नव्हती. टाकीतलं पाणी सकाळी लवकरच संपलं. विहिरीची मोटर बंद, म्हणून सुगंधा आणि आणखी एकजण दोरानं पाणी शेंदून आणत होत्या. विहीर लांब, शेताच्या टोकाला. शेडच्या मागे मात्र दहा पावलांवर ओहोळ. पावसाळ्यात तो स्वच्छ दिसायचा, तळाचे गोटे दिसायचे. पण वरच्या अंगाला नव्या चाळी झालेल्या आणि त्यांची गटारं त्यातच सोडलेली, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मी अलीकडे होते. पाय घोट्यापर्यंत चिखलात, हात कोपरापर्यंत. माठाच्या मुळ्या छाटत होते. तिसऱ्या टपाचं पाणी बदलायची वेळ झालेली. बाय बाहेर रस्त्यावर टेम्पोवाल्याला जागा दाखवायला गेलेली. मागच्या दारातून मला सुगंधा दिसली. ती ओहोळावर वाकली, बादली भरली, आत आली आणि तिसऱ्या टपात ओतली. मग दुसरी, मग तिसरी. चौथीला तिचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"काय बघतेस?" ती हळूच म्हणाली. "शिजवूनच खाणार ना लोक? टेम्पो उभा आहे बाहेर." आणि बादली ठेवून भरलेले क्रेट उचलायला बाहेर गेली.

तेवढ्यात बाय आत आली. टप भरलेला बघितला. पेला सोडला.

मी रेघेपाशी आले. अगदी रेघेला पाय लावून उभी राहिले. दोघींमध्ये सहा-सात हातांचं अंतर असेल. पुढं जायचं तर पायाला चिखल. हाक मारायची तर ती सवयच नव्हती. मी तोंड उघडलं, हे मला नक्की आठवतं. बायनं पेला तोंडाला लावला, सगळा प्यायली, झटकला आणि म्हणाली, "चालू करा." तिला चार दिवसांपासून सर्दी होती. चव कळली नाही.

कमलताईंनी जुड्या बुडवायला सुरुवात केली. आणि मी काय केलं, तर परत माझ्या जागेवर गेले, मान खाली घातली आणि मुळ्या छाटत राहिले. किती वेळ, ते सांगता येत नाही. मनात म्हणत होते, आता सुगंधा सांगेल. सुगंधा क्रेट घेऊन गेली आणि आली आणि परत गेली. सांगितलं तर तिचं काम जाईल. तिला दोन मुलं, नवरा पाठीच्या दुखण्यानं घरी. नाही सांगितलं तर. याच्यापुढं मला विचारच करता येत नव्हता.

शेवटी टेम्पोचा दरवाजा लागल्याचा आवाज आला आणि मी उठून नळाकडे गेले. पाय घासले. टाचा घासल्या. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. टोपी बदलली. पलीकडच्या चपला घातल्या. मग रेघ ओलांडली, मागच्या दारानं बाहेर गेले आणि बायचा गाऊन धरून ओढला. टेम्पो वळणावर गेलेला.

"बाय, तिसरा टप ओहोळाचा होता."

तिनं आधी माझ्या पायांकडे बघितलं. ओले, स्वच्छ पाय. मग माझ्या तोंडाकडे.

"तुम्ही प्यायलात," मी म्हणाले.

"ते गेलं आत. टेम्पो आधी."

टेम्पोवाल्याला फोन लावला. तो उचलेना. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही हा नियम त्याला बायनंच घालून दिलेला. माजिवड्याला पोचून गाडी उभी केली तेव्हा त्यानं फोन घेतला. "परत ये. एक पान उतरवू नको," एवढं सांगून तिनं काकूंना फोन लावला. मी बाजूलाच उभी होते.

"काकू, भाजी परत चाललीय. शेवटचं पाणी घाण व्हतं."

काकूंचा आवाज बाहेर ऐकू येत होता. "अगं आज पंचमी आहे. बायका भांडी घेऊन खाली उभ्या आहेत. आणि आपण शिजवतोच की. चांगली उकळतो."

"उकळा. पण माझी नको."

"बाय, कोणाला कळणार आहे?"

"मना कळलंय ना."

कुठल्या क्रेटमध्ये कुठल्या पाण्यातली जुडी ते आता कोणाला सांगता येत नव्हतं. सगळाच माल परत आला आणि सगळाच शेताच्या कोपऱ्यातल्या खताच्या खड्ड्यात गेला. अळूची एवढी मोठी पानं, पडवळं, निवडून निवडून जुळवलेले देठ. आम्ही एकेक क्रेट खड्ड्यात रिकामा करत होतो. सुगंधा दोन्ही हात पदरात घेऊन उभी होती.

"तुझी पोरं पितील ते पाणी?" बायनं तिला विचारलं.

सुगंधानं पदरातले हात बाहेर काढून पुढं केले. सकाळपासून ओला दोर ओढून तळव्यांची सालं गेलेली, दोन ठिकाणी रक्त आलेलं. बायनं ते हात धरले आणि उलटेसुलटे करून बघितले. मग आतून मलमाची डबी आणली.

तिसऱ्या दिवशी बायला कल्याणच्या दवाखान्यात भरती केलं. उलट्या, जुलाब, ताप. वय झालेलं, अंगातलं पाणी गेलं आणि त्याचा किडनीवर परिणाम झाला असं डॉक्टर म्हणाले. भाजी कोणाच्या घरात गेली नव्हती, म्हणून आजारी कोणी पडलं नाही. प्यायली ती एकटी.

मी तिला बघायला गेले तेव्हा ती सलाईन लावलेल्या हातानं वॉर्डमधल्या फरशी पुसणाऱ्या बाईला सांगत होती की बादलीतलं पाणी दर दोन खाटांनंतर बदल. ती बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचीच का ही? न्या लवकर घरी."

मी खाटेच्या कडेला उभी राहिले. बाय म्हणाली, "मी पेला उचलला तेव्हा तू रेघेवर व्हतीस."

मी मान हलवली.

"मी बघितलं तुला. वाटलं, हिला पाणी पायजे. मग आली नाय कशी?"

"पायाला चिखल होता."

तिनं मान वळवून माझ्या पायांकडे बघितलं. मग म्हणाली, "माझा जीव चालला असता तरी तू पाय धुवून आली असतीस, चवथी. आणि ते मीच शिकवलंय तुना." तिच्या आवाजात राग नव्हता. आपलं काही मोडलेलं सापडावं आणि ते आपल्याच हातानं मोडलं हे कळावं, तसा आवाज होता.

घरी आली ती अर्धी होऊन. तरी आठवड्याच्या आत शेडवर आली. तिच्या भाच्यानं खुर्ची आणून दिली, त्यात बसली. पहिलं काम म्हणजे विहिरीवर हातपंप बसवून घेतला आणि एक टाकी वाढवली, विजेचा भरवसा नको म्हणून. दुसरं, टपाचं पाणी पिणं तिनं सोडलं. "ज्यानं टप भरला, त्यानं प्यायचं," म्हणाली. "माझ्या पिण्यानं पाणी स्वच्छ नाय झालं. भरणारीला ठाऊक व्हतं, मना नाय." त्या दिवसापासून पेला सुगंधाच्या कमरेला. तिनं पुन्हा कधी ओहोळाकडे पाऊल टाकलं नाही.

तिसरं काम माझं.

"हात न् पाय रेघेच्या अलीकडं," बाय म्हणाली. "तोंडाला रेघ नाय. उद्यापासून सकाळी काम सुरू व्हायच्या आधी तू अलीकडून 'थांबा' म्हणायचं. सगळ्या थांबतील. मग मी म्हणेन, चालू करा."

मला वाटलं गंमत करतेय. दुसऱ्या सकाळी ती खरंच पलीकडे खुर्चीत बसून होती आणि चौघीजणी हातातलं काम धरून माझ्याकडे बघत होत्या. माझे कान तापले.

"थांबा," मी म्हणाले.

"मना ऐकू नाय आलं."

"थांबा."

"कमल, तुना आलं?"

"ओठ हलले बाई," कमलताई म्हणाल्या.

भाजी कोमेजायला लागली तरी तिनं काम सुरू होऊ दिलं नाही. शेवटी सुगंधाच म्हणाली, "अगं ओरड ना गं माझे आई, माठ मरतोय." आणि तिच्यावर ओरडावं तशी मी ओरडले. बायनं हात वर केला. "चालू करा."

हे रोज चाललं. पंधरा दिवसांनी तिनं खुर्ची मागच्या दाराबाहेर नेली. मग टेम्पोच्या जागेवर. मग विहिरीपाशी. ती दूर बसायची आणि मी शेडमधून ओरडायचे. ऐकू आलं तर हात वर करायची, नाही आलं तर तशीच बसून राहायची. शेजारच्या मळ्यातले लोक कामं सोडून बघायचे. मला आधी मरावंसं वाटायचं, नंतर कमी वाटायला लागलं, आणि एक दिवस लक्षात आलं की ओरडायच्या आधी मी घाबरत नाही. घरी मुलगी म्हणाली, "आई, तू आता रिक्षावाल्याला स्वतः हाक मारतेस." माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

आजारानंतर बाय दोन पावसाळे जगली. किडनी सुधारली नाही. दुसऱ्या पावसाळ्यात तिचं शेडवर येणं थांबलं आणि कामही बंद पडलं. भाच्याला शेती करायची नव्हती, तो तसा वाईट नव्हता, पण त्याला जमत नव्हतं. आता तिथं गोदाम आहे. सुगंधा आणि मी एका दुसऱ्या मळ्यावर जातो. तिथं आम्ही चुना मागून घेतला.

मला सांगायचं आहे ते शेवटच्या महिन्यांतलं. मी दर रविवारी तिच्याकडे जायचे. ती खाटेवर, पाय उशीवर. पाय सुजून खांबासारखे झालेले. मी गेले की ती आमच्या नव्या मळ्यावरचं सगळं विचारायची, दुसऱ्या टपाला किती वेळ देता, टेबल किती उंच आहे. मी सांगायचे. एका रविवारी सांगण्यासारखं सगळं संपलं. मनात एकच होतं, दोन वर्षं तेच होतं. तिच्याकडे मी कधी काही मागितलं नव्हतं, कधी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

"बाय, हे माझ्यामुळं झालं का?"

मी मोठ्यानंच विचारलं. ओरडायची सवय झालेली.

ती लगेच नाही म्हणाली नाही. माझी समजूतही काढली नाही. तिनं खरंच विचार केला. कपाळाला आठी घालून, चिंचोके बघत बसायची तसा.

"एक हिस्सा तुझा हाय," ती म्हणाली. "तू गप राहिलीस. एक सुगंधाचा. तिनं ओतलं. वीज नाय हे ठाऊक असून दोन बायांवर विहीर टाकली मी, रेघ मारून तुना मुकी केली मी, न् सर्दी असून चव बघायला गेली ती पण मीच. माझे तीन."

मला रडू आलं. मी म्हणाले, "माझाच आहे सगळा. मी हाक मारली असती तर."

"ए चवथी." तिनं माझा हात धरला, घट्ट. आजारी बाईच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. "तुझा तेवढा तू घे. टाकून नको देऊ. पण माझे उचलायचे नाय. सुगंधाचा पण नाय. ती तिचा घेऊन चाललीय, बघतेस ना?"

"हो."

"मग झालं."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "पाय दाब जरा."

मी खाटेच्या पायथ्याशी बसले आणि तिचे पाय मांडीवर घेतले. कातडी ताणून चकाकत होती. बोट दाबलं की तिथं खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. तो हळूहळू भरून येईपर्यंत मी दुसरं बोट ठेवत नव्हते.